दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्ग

दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ आणि कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांना जोडणारा विनाथांबा मार्ग. एअर इंडियाने त्यावरील सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. पृथ्वीच्या गोलावर मोजल्यास दोन्ही विमानतळांतील किमान अंतर सुमारे १२,४०० किमी भरते. विमान प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त उडते. त्यामुळे हा आकडा प्रवाशाच्या फारसा उपयोगाचा नाही.

किमान अंतराची रेषा बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचा गोल केंद्रातून कापल्यास पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळावरून, जाते. भिंतीवरच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्को पश्चिमेला दिसत असले, तरी ही रेषा दिल्लीहून उत्तरेकडे, किंचित पूर्वेला झुकून निघते. पश्चिम तिबेट, शिनजियांग आणि सायबेरिया ओलांडून ती आर्क्टिकमध्ये ७५ अंश उत्तर अक्षांशाच्या वर चढते आणि अलास्कावरून खाली उतरते. तिबेटवरून विमाने सहसा नेत नाहीत. केबिनमधला दाब गेला, तर विमान सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली आणावे लागते, आणि तिथली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे.

सुरुवातीला विमान युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झाले, तरी वेळ जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. कारण जेट प्रवाह. मध्य अक्षांशांत, विमाने उडतात त्या उंचीवर, हे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हवेतला वेग ताशी ९०० किमीच्या आसपास असला, तरी वारा पाठीशी असल्याने जमिनीच्या हिशेबाने तो १,०५० पर्यंत जातो. परतीचे विमानही पूर्वेकडेच, म्हणजे अटलांटिकवरून आणले, तर वारा पुन्हा पाठीशी राहतो आणि एका जाण्यायेण्यात पृथ्वीप्रदक्षिणा घडते! हिवाळ्यात हे वारे अधिक जोरात असतात. म्हणून वेळापत्रकातला वेळ हा अंदाजच समजावा. शिवाय त्यात धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याची मिनिटेही धरलेली असतात.

घड्याळाचा हिशेब वेगळाच. सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेतेरा तास मागे आहे, उन्हाळी वेळेत साडेबारा. हिवाळ्यात पहाटे ४ वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी उतरते, तेव्हा तिथे त्याच तारखेचे पहाटेचे ५ वाजलेले असतात.

मार्ग राजकारणानेही बदलतो. २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. मात्र त्या मार्गाने जाण्यातही जोखीम असते. जून २०२३ मध्ये इंजिनातील बिघाडामुळे दिल्लीहून निघालेले विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरवावे लागले, आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी भारतातून दुसरे विमान पाठवावे लागले.

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले.