उघड्या स्पीकरचा बेस जातो कुठं?

आमच्या खान्देशात जुन्या टेपचा नाहीतर टीव्हीचा स्पीकर काढून माठाच्या तोंडावर बसवलेला बऱ्याच जणांनी पाहिला असेल, शेतातल्या खोलीत तर हमखास, आणि वाजतो पण दणक्यात. लोक म्हणतात माठ आवाज वाढवतो. माठाचं खरं काम वेगळंय, तो स्पीकरच्या मागून निघणारा आवाज कोंडून ठेवतो, आणि सगळी गोम तिथंच आहे.

स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा कागदी पडदा, पुढं सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते, म्हणजे मागची लाट पुढच्या लाटेच्या बरोबर उलटी. ट्रेबलच्या, म्हणजे बारीक उंच सुरांच्या लाटा आखूड असतात, त्या सरळ समोर निघून जातात. पण बेसची, म्हणजे समजा १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब, तिला आठ इंची स्पीकरला वळसा घालायला काय वेळ लागतो, मागची पुढं येते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून उघडा स्पीकर चिरका वाजतो. खात्री करायची तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याची एक बाजू कापा, मध्ये भोक पाडा आणि गाणं चालू असताना स्पीकर त्यावर टेकवा. ढोलकी एकदम जवळ आल्यासारखी वाटते, आणि व्हॉल्यूमला हातही लावलेला नसतो!

स्पीकरभोवतीचा हा जो पुठ्ठा किंवा फळी, तिलाच बॅफल म्हणतात. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग यांनी आजच्यासारखा कॉइलवाला स्पीकर मांडला तेव्हाही कोनाभोवती बॅफल होतंच. सगळ्यात भारी बॅफल म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत, मागची लाट पलीकडच्या खोलीतच राहते. भिंत फोडायची नसेल तर न वापरातल्या दाराच्या चौकटीत प्लाय ठोकून बसवा, तेही चालतं.

सुट्या फळीचा हिशोब सोपा आहे. १७२ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीनं भागा, साधारण त्या हर्ट्झच्या खाली बेस उतरायला लागतो. ६० सेंटीमीटरला हे २८५ च्या आसपास येतं, १२० ला १४५. तिथून खाली दर सप्तकाला, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, ६ डेसिबल जातात. एवढी मोठी फळी घरात कोण ठेवू देणार, म्हणून दोन्ही कडांना मागं फूटभर फळ्या जोडतात, लाटेचा रस्ता लांबतो.

भोक मात्र मधोमध पाडू नका. मधोमध असलं की समोरासमोरच्या कडा सारख्याच अंतरावर येतात आणि ठराविक सुरांना एकाच जागी खड्डा नाहीतर उंचवटा पडतो. ६० बाय ९० च्या फळीत मी भोकाचं केंद्र एका कडेपासून २४ आणि वरून ३३ सेंटीमीटरवर घेईन, म्हणजे चारही अंतरं वेगळी येतात. प्लाय १८ एमएमचा घ्या, भोकाची मागची कड पटाशीनं तिरकी उतरवा, नाहीतर छोट्या स्पीकरच्या मागं बोगदा तयार होतो आणि हवा अडते. भोकाचं माप दुकानदारानं सांगितलेल्या इंचांवर घेऊ नका, फ्रेमच्या आतल्या कडेवर टेप धरूनच घ्या. फ्रेम आणि प्लायच्या मध्ये दार-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. मग बोटानं फळी वाजवून बघा, ठण्ण आलं तर मागं आडवी पट्टी ठोका, दबका ठप आला पाहिजे.

स्पीकर निवडताना एक गोष्ट महत्त्वाची आहे, उघड्या फळीला हलक्या चुंबकाचे जुने स्पीकर छान जमतात, डेटाशीट मिळाली तर क्यूटीएस (कोनाच्या हालचालीला किती लगाम आहे ते सांगणारा आकडा) ०.७ च्या आसपास बघा. जड चुंबकाचे वूफर फळीवर कोरडे वाजतात, त्यांना डबाच द्या.

आणि फळी भिंतीपासून दोन-तीन फूट पुढं ठेवा. स्टीरिओची जोडी करत असाल तर आधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन बाहेरच यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर दोन स्पीकर एकमेकांचाच बेस खातील, आत गेलेल्याची वायर फिरवून घ्या.