शाळा भीतीचं नेमकं काय करते?

युद्ध थांबलं की सगळेच म्हणतात, शाळा सुरू करा, मुलं शिकली की वैर आपोआप जाईल. शाळा सुरू करा हे शंभर टक्के बरोबर, पण नुसत्या शिकण्याने वैर जात नाही. रवांडात १९९४ च्या नरसंहारात शिक्षकसुद्धा सामील होते.

मग काय उपयोगी पडतं? पेटिग्र्यू आणि ट्रॉप या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तर वेगवेगळ्या गटांतली माणसं एकमेकांत मिसळली की पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो असं दिसलं. २००८ मध्ये त्यांनी हे का होतं तेही बघितलं. समोरच्याबद्दल माहिती वाढण्याचा वाटा सगळ्यात कमी निघाला, त्याच्याशी वागताना वाटणारी धास्ती कमी होणं आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघता येणं यांचा वाटा जास्त.

मला खरी मजा इथे वाटते, कारण भीती मेंदूतून पुसली जात नाही! उंदराला एका आवाजाबरोबर हलका शॉक दिला की तो नंतर नुसत्या आवाजानेही थिजतो, मग तोच आवाज शॉकशिवाय पुन्हापुन्हा ऐकवला की थिजणं थांबतं. पण अमिग्डालातली (मेंदूतला भीती सांभाळणारा भाग) जुनी आठवण बऱ्याच अंशी तशीच असते, फक्त "आता धोका नाही" अशी नवी आठवण तयार होते आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा भाग, तिच्या जोरावर जुनीला दाबून धरतो. आणि ही नवी आठवण जागेला चिकटलेली असते, पिंजरा बदलला की भीती परत, बराच काळ मध्ये गेला तरी परत. माणसाचं प्रकरण उंदरापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे, मान्य, पण एका दिवसाच्या शांतता शिबिराकडून फार अपेक्षा का ठेवू नये हे यावरून कळतं. रोज, वर्षानुवर्षं, वर्गात, मैदानावर, डबा खाताना, म्हणजे वेगवेगळ्या जागी तोच अनुभव यायला हवा, आणि हे शाळेइतकं दुसरीकडे कुठे जमणार?



अर्थात एकत्र बसवलं तरच. बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या करारानंतर स्तोलात्ससारख्या गावांत "एका छपराखाली दोन शाळा" निघाल्या, इमारत एकच पण बोस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लीम) आणि क्रोएट मुलांचे वर्ग वेगळे, अभ्यासक्रम वेगळा, कुठे दारं वेगळी तर कुठे पाळ्या. उलट उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार चालू असतानाच पालकांनी १९८१ मध्ये लॅगन कॉलेज काढलं, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं एका वर्गात, सुरुवातीला फक्त २८. आज तिथे अशा ६० हून जास्त शाळा आहेत, तरी बहुतेक मुलं अजूनही आपापल्या वेगळ्या शाळांतच जातात.