अप्पूसाठी रडणारे खोटे नव्हते

चाहत्यांचे ‘अप्पू’, कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बेंगळूरमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. ते अवघे ४६ वर्षांचे होते. बेळगावातल्या ज्या मराठी घरांत कन्नड चित्रपट क्वचितच पाहिला जातो, तिथेही त्या दिवशी ‘अप्पू गेला’ म्हणून चुटपुट लागली. त्यानंतर बरोबर शंभर दिवसांनी, ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या आणि कित्येकांना आपल्याच घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. अशा प्रत्येक वेळी एक टोमणाही ऐकू येतो: बेळगावच्या वडगावातल्या विणकराचे माग महिनोन्महिने बंद पडले तरी कोणाला सोयरसुतक नसते, आणि पडद्यावरच्या माणसासाठी मात्र सारे गाव हळहळते. टोमण्यातली वस्तुस्थिती खरी आहे. पण तिच्यावरून रडणाऱ्यांना ढोंगी ठरवणे मानसशास्त्राला धरून नाही.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन संशोधकांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की, रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून रोज भेटणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एकतर्फी, तरीही जवळिकीचे नाते जुळते. एखादा चेहरा वर्षानुवर्षे दिसत राहिला, एखादा आवाज सकाळच्या चहाबरोबर कानावर पडत राहिला, की मनाचा परिचित आणि अपरिचित यांतला हिशेब बदलतो. त्या व्यक्तीला आपले नावही ठाऊक नाही, ही गोष्ट बुद्धीला कळते, पण दुःख होण्याच्या आड ती येत नाही. गल्लीत मयत झाले, त्या घरची चूल पेटली नाही, की शेजारीण न सांगता पिठले-भाकरी घेऊन जाते. त्यामागे जी ओळखीची ओढ असते, तीच पडद्यावरचा माणूस गेल्यावर जागी होते. फरक एवढाच, की इथे भाकरी नेऊन द्यायला दार नसते.

विणकराच्या वाट्याला ही ओढ का येत नाही? डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ मधील प्रयोगात याचे एक उत्तर मिळते. एक प्रश्नावली भरून दिल्याबद्दल लोकांना प्रत्येकी पाच डॉलर देण्यात आले आणि नंतर त्यांतून आफ्रिकेतील उपासमारीसाठी मदत मागण्यात आली. माली देशातल्या एका सात वर्षांच्या मुलीचे छायाचित्र आणि तिची हकिकत ज्यांना मिळाली, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. लाखो भुकेल्यांची आकडेवारी ज्यांना मिळाली, त्यांनी १.१४ डॉलर. मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दाखवल्यावर देणगी वाढेल असे कोणालाही वाटेल, पण ती १.४३ डॉलरवर आली. म्हणजे आकड्यांनी मुलीच्या हकिकतीत भर तर घातली नाहीच, उलट तिचाही प्रभाव कमी केला.

डॅरिल कॅमेरॉन आणि कीथ पेन यांनी २०११ मध्ये याच्या पुढची पायरी तपासली. त्यांच्या निष्कर्षानुसार, संकटग्रस्तांची संख्या वाढते तेव्हा करुणा आपोआप आटत नाही. आता हे सारे आपल्याला झेपणार नाही, या अंदाजाने माणूस स्वतःच भावनेला आवर घालतो, आणि ज्यांना भावनांवर ताबा ठेवणे चांगले जमते त्यांच्यात ही घट विशेष दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभा, मलप्रभा आणि कृष्णा या नद्या एकाच वेळी पात्राबाहेर पडल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक, रामदुर्ग, चिकोडी, अथणी या तालुक्यांत गावेच्या गावे पाण्यात गेली, तेव्हा पहिल्या दिवसांत चादरी आणि तांदळाची पोती घेऊन धावलेली माणसे मी पाहिली आहेत. पुढे पडक्या घरांचे आकडे वर्तमानपत्रात येऊ लागले आणि त्यांच्यातलेच काहीजण पान उलटू लागले. त्यांना निर्दय म्हणवत नाही. मीही पान उलटले होते.

तान्या सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या मेंदूविषयक अभ्यासातला भेद इथे उपयोगी पडतो. दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवणे आणि त्याचे बरे व्हावे अशी कळकळ वाटणे, या दोन अवस्थांत मेंदूतील वेगवेगळी जाळी सक्रिय होतात. पहिली अवस्था माणसाला थकवते, दुसरी त्या मानाने टिकते.

शोकाला हातातले काम मिळाले तर काय होते, हे अप्पूच्या बाबतीत दिसले. त्यांचे नेत्रदान झाले आणि पारपटलाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, पुढचे व मागचे थर वेगळे करून, नेहमीप्रमाणे दोघांना नव्हे, तर चौघांना दृष्टी देण्यात आली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरणाऱ्यांची रीघ लागली. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये मृतावस्थेत सापडलेल्या सीरियन बालकाच्या छायाचित्रानंतर स्वीडनमधील रेड क्रॉसकडे आलेल्या देणग्यांचा माग स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. एरवीच्या कित्येक पटींनी आलेला तो ओघ काही आठवड्यांतच ओसरला. पण त्याच दिवसांत ज्यांनी दरमहा ठरावीक रक्कम देण्याची नोंदणी केली होती, त्यांतल्या बहुतेकांनी ती पुढेही चालू ठेवली.