ऑलिव्हिया डी हॅविलंड आणि सात वर्षांचा करार

अमेरिकेत एखाद्या नावाजलेल्या गायकाचे कंपनीशी फाटले, की बातमीत 'डी हॅविलंड कायदा' हमखास डोकावतो. नाव वाचून कुणी न्यायाधीश किंवा आमदार असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातल्या सोशिक मेलनीचे, म्हणजे अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंडचे आहे.

ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ रोजी टोकियोत, इंग्रज आई-वडिलांच्या पोटी झाला. वाढली मात्र ती कॅलिफोर्नियातल्या सॅराटोगात. दिग्दर्शक मॅक्स राइनहार्टने १९३४ मध्ये हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचे नाटक बसवले, त्यात तिला ऐनवेळी मोठी भूमिका मिळाली आणि त्यातूनच वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओचे दार उघडले. १९३५ च्या 'कॅप्टन ब्लड'पासून एरॉल फ्लिनबरोबर तिची जोडी जमली. दोघांनी एकत्र आठ चित्रपट केले. त्यांतल्या बहुतेकांत तिने सुंदर दिसायचे, संकटात सापडायचे आणि फ्लिनने सोडवायला यायचे, एवढेच काम.

मेलनीची भूमिका तिला स्वतःच्या स्टुडिओने दिली नव्हती. तो चित्रपट निर्माता सेल्झनिकचा. तिच्या स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर तिला 'उसनी' द्यायला तयार नव्हता, तेव्हा तिने थेट त्याच्या बायकोला गळ घातली. भूमिका मिळाली, सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकनही झाले (ते ऑस्कर त्याच चित्रपटासाठी हॅटी मॅकडॅनियलला गेले), आणि परत आल्यावर पुन्हा तेच कचकड्याचे संवाद पुढ्यात.

तेव्हाची कराराची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण खरी मेख तिथेच होती. करार सात वर्षांचा; पण दर वर्षाअखेर तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवणार फक्त स्टुडिओ. नटीने एखादी पटकथा नाकारली की तिला निलंबित करायचे. पगार बंद, आणि बाहेर काम करायचीही बंदी. एवढ्यावर भागत नसे. निलंबनाचे आठवडे कराराच्या शेवटाला जोडले जात. म्हणजे जितक्यांदा नाही म्हणाल, तितकी सुटका लांबणार. अभिनेत्री बेटी डेव्हिसने १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या कोर्टात वॉर्नरशी झुंज घेतली होती, पण ती हरली होती. इकडे पुण्यात १९३९ मध्ये शांता आपटे प्रभातच्या दारातच उपोषणाला बसल्या, तेही कराराच्याच भांडणावरून. दोन्हीकडचे कायदे वेगळे, पण कलाकाराला पगारावर बांधून ठेवणारी स्टुडिओची चौकट तीच.

ऑलिव्हियाचा १९३६ चा करार १९४३ मध्ये संपला. वॉर्नरने निलंबनाचे जवळजवळ सहा महिने पुढे काढून दाखवले. तिचे वकील मार्टिन गँग यांनी कॅलिफोर्नियाच्या श्रमसंहितेतले एक जुने कलम पुढे केले: व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे कामगारावर लादता येत नाही. स्टुडिओचे म्हणणे, सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षे. गँग यांचे म्हणणे, कॅलेंडरची सात वर्षे. अख्खा खटला एवढ्या एका मुद्द्यावर उभा होता.

मार्च १९४४ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, डिसेंबरमध्ये अपील कोर्टानेही तो कायम केला. मधल्या काळात वॉर्नरने इतर स्टुडिओंना कळवून तिला काम मिळू दिले नाही. युद्धाचे दिवस होते. ती लष्करी इस्पितळांतून जखमी सैनिकांना भेटत फिरली. मग बंदी उठली आणि 'टू ईच हिज ओन' (१९४६) व 'द एअरेस' (१९४९) या दोन चित्रपटांसाठी तिने प्रमुख अभिनेत्रीचे ऑस्कर घेतले. दोन्ही पॅरामाउंटचे, हे वॉर्नरला चांगलेच झोंबले असणार. मधला 'द स्नेक पिट' (१९४८) मला या दोहोंइतकाच मोलाचा वाटतो. मनोरुग्णालयातली बाई तिने इतकी निर्भीडपणे रंगवली की 'कॅप्टन ब्लड'मधली नायिका ओळखूही येऊ नये. बहीण जोन फाँटेनशी असलेल्या वैरावर मात्र गरजेपेक्षा जास्त शाई खर्च झाली आहे.

या एका निकालाने स्टुडिओंची सद्दी संपली असे म्हणतात, ते अर्धवट खरे आहे. स्टुडिओंना आपली थिएटरे विकायला लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा निकाल आणि पाठोपाठ आलेला टीव्ही, हे घाव त्याहून खोल होते. निकालाचा थेट फायदा झाला तो करारातून सुटून भाव करू शकणाऱ्या मोठ्या नावांना. शिवाय संगीत कंपन्यांनी १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून घेतली: गायक सात वर्षांनी सुटला, तरी न दिलेल्या अल्बमची भरपाई त्याच्याकडे मागता येते. २००८ मध्ये ईएमआय या संगीत कंपनीने जॅरेड लेटोच्या बँडवर तीन कोटी डॉलरचा दावा ठोकला, तेव्हा बँडने याच जुन्या निकालाचा आधार घेतला. पुढे समझोता झाला.

ऑलिव्हिया १९५० च्या दशकात पॅरिसला गेली, ती तिथलीच झाली. २०१७ मध्ये, १०१ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने पुन्हा कॅलिफोर्नियात दावा लावला. एफएक्स वाहिनीच्या 'फ्यूड' मालिकेत तिला न विचारता तिचे पात्र घातले होते, आणि बहिणीबद्दल शिवराळ बोलताना दाखवले होते. या वेळी अपील कोर्टाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य वरचढ मानले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. २६ जुलै २०२० रोजी, १०४ व्या वर्षी, पॅरिसमध्ये तिचे निधन झाले.