पार्श्वभूमी : ‘ओटीपी दिला’ म्हणजे नेमकं काय केलं?

खात्यातून पैसे गेले, बँकेत लेखी तक्रार दिली, की काही आठवड्यांनी उत्तर येतं. माझ्या मावशीला आलेलं उत्तर साडेतीन ओळींचं होतं : ‘सदर व्यवहार आपल्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर पाठवलेल्या ओटीपीच्या आधारे पूर्ण झालेला आहे. सबब बँकेची जबाबदारी राहत नाही.’ खाली गोल शिक्का. मावशीने ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक लग्नपत्रिका तिने उघडली होती, एवढंच. पत्रिका कसली, ती एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल होती. ती उघडल्यापासून मोबाइलवर येणारा प्रत्येक एसएमएस मावशीच्या आधी दुसरंच कुणी वाचत होतं.

सगळा वाद त्या ‘सबब’मध्ये आहे. ओटीपी आला तो ग्राहकाच्या बाजूने उभा राहायला. तो बँकेच्या बाजूचा साक्षीदार कधी झाला, याचा हा मागोवा.

एकदाच चालणाऱ्या पासवर्डची गणिती पद्धत १९८१मध्ये एका अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने मांडली. त्याच दशकात दर मिनिटाला आकडे बदलणारी छोटी यंत्रं आली. आपली गोष्ट मात्र २००९ची. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत देशाच्या मध्यवर्ती बँकेने परिपत्रक काढलं : १ ऑगस्ट २००९पासून इंटरनेटवर कार्डाने पैसे भरताना, कार्डावर छापलेली नाही अशी आणखी एक गोष्ट ग्राहकाला विचारलीच पाहिजे. तोवर क्रमांक, मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे एवढ्यावर काम भागत असे, आणि हे तिन्ही हॉटेलातला वेटरही बिलासोबत कार्ड नेताना टिपून घेऊ शकत होता.

सुरुवातीला ही ‘आणखी एक गोष्ट’ ओटीपी नव्हती. तो साधा, कायमचा पासवर्ड होता. तिकीट काढताना मध्येच एक वेगळं पान उघडायचं आणि त्यावर आपणच कधीतरी लिहून ठेवलेला एक वैयक्तिक संदेश दिसायचा. तो दिसला तर पान खरं समजायचं. संदेश कुणाच्या लक्षात नसे, पासवर्ड तर नाहीच. फोनवरून कार्डाने पैसे भरण्यासाठी २०११च्या सुरुवातीला ओटीपी सक्तीचा झाला आणि पुढच्या काही वर्षांत वेबवरही कायमच्या पासवर्डची जागा एसएमएसने घेतली. तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. बहुतेकांचे मोबाइल साधे होते, त्यात अ‍ॅप्स नव्हती, आणि एसएमएस वाचायला तो मोबाइलच हातात असावा लागे.

२०१४मध्ये या नियमाची पहिली मोठी कुस्ती झाली. परदेशी टॅक्सी अ‍ॅप प्रवास संपला की साठवलेल्या कार्डावरून आपोआप पैसे कापत होतं, ओटीपीशिवाय. व्यवहार परदेशी चलनात दाखवला की देशी नियम लागत नाही, अशी ती पळवाट होती. देशी टॅक्सी कंपन्यांनी तक्रार केली, ऑगस्टमध्ये परिपत्रक निघालं आणि ३१ ऑक्टोबर २०१४ ही मुदत पडली. त्या अ‍ॅपने मग वॉलेटचा रस्ता धरला. एकदा ओटीपी टाकून वॉलेट भरायचं, मग बिनदिक्कत खर्च करायचं. तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत मध्यवर्ती बँकेवर मागासलेपणाचा शिक्का बसला होता. मला तरी वाटतं, त्या दिवशी मध्यवर्ती बँक बरोबर होती.

पुढे थोडी ढील मिळत गेली. टेकवून पैसे भरायच्या कार्डाला २०१५मध्ये दोन हजारांपर्यंत पिनची सूट मिळाली, ती जानेवारी २०२१पासून पाच हजार झाली. दरमहा ओटीपीशिवाय आपोआप कापल्या जाणाऱ्या बहुतेक रकमांनाही आता १५ हजारांची मर्यादा आहे. हे सगळ्यांना माहीतच आहे.

मुद्द्याचं परिपत्रक आहे ६ जुलै २०१७चं. नोटाबंदीला आठ महिने झाले होते, कधी ऑनलाइन पैसे न पाठवलेली माणसं पाठवू लागली होती, आणि पैसे गेले तर कुणाचे गेले हे कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ते या परिपत्रकाने लिहिलं. सहकारी बँकांना तेच नियम त्या वर्षीच्या डिसेंबरात लागू झाले, म्हणजे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या नागरी बँकाही त्यात आल्या.

परिपत्रक कागदावर तरी ग्राहकाच्या बाजूचं आहे. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठेतरी आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत, साध्या बचत खात्याला दहा हजार रुपये. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात परत दाखवायची, ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि पुरावा द्यायचं ओझं बँकेवर. हे शेवटचं पुन्हा वाचा, कारण काउंटरवर ते कुणी सांगत नाही.

मग त्यात ते एक कलम आहे. नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालं असेल, उदाहरणार्थ त्याने पैसे भरण्याची गोपनीय माहिती ‘शेअर’ केली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. व्याख्या अशी नाहीच, नुसतं उदाहरण. गेली कित्येक वर्षं बँकांची नकाराची पत्रं या उदाहरणावर उभी आहेत.

‘शेअर केला’ म्हणताना डोळ्यांसमोर एकच चित्र येतं : फोनवर कुणी गोड बोलतंय आणि आपण सहा आकडे वाचून दाखवतोय. झारखंडमधल्या एका जिल्ह्याचं नावच या धंद्यामुळे घरोघरी पोचलं, तो हाच प्रकार. २०१७मध्ये परिपत्रक लिहिणाऱ्यांसमोरही बहुधा हेच चित्र असावं. पण ओटीपी चोराकडे जायच्या वाटा तेव्हाही अनेक होत्या आणि नंतर वाढतच गेल्या.

सिम बदलण्याचंच घ्या. चोर तुमच्या नावाने दुसरं सिम काढतो, तुमच्या फोनची रेंज जाते, ओटीपी थेट त्याच्याकडे. तुम्ही तो बघितलेलाही नसतो. सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येणार नाही, असा नियम जुलै २०२४मध्ये आला. मग स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप्स. ‘केवायसी करून देतो’ म्हणत एक अ‍ॅप टाकायला लावायचं आणि ओटीपी येताना पलीकडून वाचायचा. याबद्दल मध्यवर्ती बँकेने २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं. कॉल वळवण्याचा प्रकार आणखी साधा. कुरिअरवाला बोलतोय असं सांगून चांदणी आणि ४०१ने सुरू होणारा एक कोड दाबायला सांगतात. तो दाबला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, मग ‘ओटीपी फोनवर ऐका’ हा पर्याय निवडायचा. कोड दाबून कॉल वळवण्याची ही सोय सरकारने १५ एप्रिल २०२४पासून थांबवायला लावली. आणि मावशीची लग्नपत्रिका आहेच.

या चारांपैकी एकातही माणसाने ओटीपी कुणाला दिलेला नाही. बँकेच्या सर्व्हरवरची नोंद मात्र चारही वेळा सारखीच दिसते : ओटीपी पाठवला, ओटीपी बरोबर टाकला गेला. कुणी टाकला हे त्या नोंदीला माहीत नसतं. तरीही त्या नोंदीवरून ‘दिला’ असा निष्कर्ष निघतो, आणि पुराव्याचं ओझं गुपचूप ग्राहकाच्या खांद्यावर येतं. मी दिला नाही, हे कसं सिद्ध करायचं?

बँकांची बाजूही आहे. सांगितलेल्या प्रत्येक ओटीपीचे पैसे परत द्यायचे ठरलं, तर चोराशी संगनमत करून भरपाई मागणारे उद्या रांगेत उभे राहतील, असं त्या म्हणतात. म्हणणं अगदीच पोकळ नाही.

शब्दाचा गुंता इथे संपत नाही. बँक म्हणते, ओटीपी कुणालाही सांगू नका. दारात पार्सल घेऊन आलेला मुलगा म्हणतो, ‘काकू, ओटीपी सांगा.’ टॅक्सीत बसलं की ड्रायव्हरला चार आकडे सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही. २०२०च्या अखेरीपासून गॅसच्या सिलिंडरलाही मोठ्या शहरांत असा कोड आला. पहिला ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली, दुसरा म्हणजे माल मिळाल्याची पोच. दोन्हींना नाव एकच, दोन्ही येतात त्याच एसएमएसच्या रांगेत. परक्या माणसाला आकडे वाचून दाखवायची सवय आपणच लोकांना आठवड्यातून चारदा लावली आणि पाचव्या वेळी त्यांना निष्काळजी ठरवलं. पोच द्यायच्या कोडला ‘पोचक्रमांक’ किंवा काहीही दुसरं नाव ठेवलं असतं तर चाललं असतं. वेळीच कुणी मनावर घेतलं नाही.

त्यात तो एसएमएस कसा असतो ते पाहा. बऱ्याच बँकांच्या संदेशात सुरुवातीलाच सहा आकडे, मग ‘इज युअर ओटीपी फॉर’, मग कुणाला आणि किती रुपये, आणि शेवटी ‘डू नॉट शेअर’. लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावर पहिली दीड ओळ दिसते. म्हणजे आकडे दिसतात, रक्कम दिसत नाही. सगळं इंग्रजीत. पासबुकावर मराठीत सही करणाऱ्या माणसाला ही सूचना ‘दिली होती’ असं नंतर लेखी कळवलं जातं.

एसएमएसच्या रस्त्यावर गस्त घालायचाही एक प्रयत्न झाला. व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांनी आपलं नाव आणि संदेशाचा साचा आधी नोंदवायचा, साच्याशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवायचा, असे नियम २०१८मध्ये आले. ८ मार्च २०२१ला चाळणी प्रत्यक्ष सुरू झाली आणि त्या दिवशी देशभरचे ओटीपीच अडले. बऱ्याच बँकांनी साचे नीट नोंदवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी चाळणी सात दिवसांसाठी बंद करावी लागली. पुढे ती रुळली, पण बँकेच्या नावाचा खोटा एसएमएस थांबला तरी खरा एसएमएस चोराच्या हाती पडणं त्याने थांबत नाही.

एसएमएस हा ओटीपीसाठी कच्चा रस्ता आहे, हे बाहेर बरंच आधी बोललं गेलं. अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१६च्या मसुद्यात तो नापसंत ठरवला आणि २०१७च्या अंतिम मजकुरात निर्बंधाच्या यादीत टाकला. त्याच वर्षी जर्मनीत टेलिफोन कंपन्यांच्या आपसातल्या जुन्या यंत्रणेत शिरून चोरांनी लोकांचे ओटीपी मधल्यामध्ये पळवले आणि खाती रिकामी केली. सिंगापूरच्या मोठ्या बँकांनी २०२४मध्ये लॉगिनसाठी ओटीपी मागे घ्यायला सुरुवात केली. दुबई-अबूधाबीतल्या मराठी माणसांनी तर जुलै २०२५पासून हे अनुभवलंय : एसएमएस येत नाही, बँकेच्या अ‍ॅपमध्येच ‘मंजूर करा’ विचारलं जातं.

ब्रिटनने वेगळंच टोक धरलं. फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले, तरी ऑक्टोबर २०२४पासून ८५ हजार पाउंडांपर्यंत भरपाई, निम्मी पाठवणाऱ्या बँकेकडून आणि निम्मी पैसे जिथे गेले त्या बँकेकडून. ढोबळ हलगर्जीपणा सिद्ध झाला तर नकार. आपल्याकडे चोराने पैसे वळवायला भाड्याने घेतलेलं दुसऱ्याचं खातं ज्या बँकेत असतं, तिचं नाव नकाराच्या पत्रात सहसा येतच नाही.

इथल्या न्यायालयांनी मात्र २०१७चं परिपत्रक गंभीरपणे वाचायला सुरुवात केली आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये एका व्यावसायिक खात्यातून गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये परत द्यायला सरकारी बँकेला सांगितलं. ग्राहकाचं दायित्व शून्य, कारण परिपत्रक तसंच म्हणतं. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये होते. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना ‘ग्राहक सेवे’च्या नावाने फोन आला, त्याने सांगितल्यावरून अ‍ॅप टाकलं, पैसे गेले. ग्राहकाने चोवीस तासांत कळवलं होतं. बँकेचं अपील फेटाळलं गेलं. पण ग्राहकांनीही सावध राहावं, ओटीपी कुणाला देऊ नये, हेही त्याच आदेशात आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे वकील आता त्याच आदेशाचा दाखला देऊ शकतात.

सप्टेंबर २०२५मध्ये मध्यवर्ती बँकेने पैसे भरताना ओळख पटवण्याचे नवे नियम काढले, अंमल १ एप्रिल २०२६पासून. एसएमएसचा ओटीपी त्यात बंद केलेला नाही आणि सक्तीचाही नाही. दोन पुरावे हवेत, त्यातला निदान एक त्या व्यवहारापुरताच चालणारा हवा. बोटाचा ठसा, अ‍ॅपमधली मंजुरी, काहीही चालेल. बँकेने हे नियम न पाळता व्यवहार होऊ दिला आणि ग्राहकाचं नुकसान झालं, तर खळखळ न करता पूर्ण भरपाई द्यायची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. नियम सगळे पाळले, ओटीपी वेळेवर पाठवला, आणि तो लग्नपत्रिकेतून आलेल्या चोराने वाचला, अशा ग्राहकासाठी मात्र या नियमांत काही नाही.

मावशीने त्या साडेतीन ओळींना उत्तर पाठवलंय. परिपत्रकाची तारीख घातली, तक्रार दुसऱ्याच दिवशी दिल्याची पोच जोडली, आणि एकच प्रश्न विचारला : मी ओटीपी दिला, हे आपण कशावरून ठरवलंत? ९० दिवस अजून पुरे व्हायचे आहेत.