इमोजी : उपकरणागणिक बदलणारे रूप

एका फोनवरून पाठवलेला इमोजी दुसऱ्या फोनवर वेगळा दिसतो आणि कधीकधी निरोपाचा सूरच बदलून जातो. याचे कारण असे, की पाठवताना चित्र जातच नाही. जातो तो युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, नेमून दिलेला क्रमांक. चित्र काढतो पाहणाऱ्याच्या उपकरणातला फाँट. ‘क’ कुठल्याही वळणाने काढला तरी ‘क’च राहतो. चेहऱ्याचे तसे नाही. ओठांची रेघ जराशी हलली, की हसणाऱ्याने दातओठ खाल्ल्यासारखे दिसते. (या नोंदीत एकही इमोजी छापलेला नाही, तो याच धास्तीने.)

युनिकोडने २०१० साली ६.० आवृत्तीत इमोजींना रीतसर जागा दिली. नाव आणि नमुना प्रमाणित झाला, रेखाटन मात्र ज्याचे त्याच्यावर सोपवले. हसऱ्या डोळ्यांच्या, दात दाखवणाऱ्या चेहऱ्याचे ॲपलने काढलेले जुने चित्र दात आवळल्यासारखे होते. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना विचारले, तेव्हा गूगलचे चित्र आनंदी ठरले, ॲपलचे किंचित नाराज. एकच चित्र पाहणाऱ्यांमध्येही सुमारे २५ टक्के वेळा ते चांगल्या भावनेचे, वाईट की मधले यावर मतभेद झाले. म्हणजे सगळा दोष फाँटवर ढकलता येत नाही. त्याच वर्षी ॲपलने तो चेहरा बदलला.

पिस्तुलाचे प्रकरण जास्त बोलके आहे. २०१६ मध्ये ॲपलने खऱ्या पिस्तुलाच्या जागी हिरवी पाण्याची पिचकारी आणली, आणि नेमके त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने खेळण्यातली बंदूक काढून खरे रिव्हॉल्व्हर बसवले. रंगपंचमीच्या आमंत्रणात आयफोनवरून पिचकारी धाडावी आणि पलीकडे विंडोजवर रिव्हॉल्व्हर उगवावे, अशी ती अवस्था. २०१८ मध्ये बहुतेक सगळे पिचकारीवर आले. २०२४ मध्ये एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, पुन्हा पिस्तुलाकडे वळले.

व्हॉट्सॲपने २०१७ पासून अँड्रॉइडवर स्वतःचा संच आणल्यामुळे एकाच फोनवर एसएमएसमधला आणि व्हॉट्सॲपमधला चेहरा निराळा दिसू शकतो. फोन जुना आणि इमोजी नवा असेल, तर नुसता रिकामा चौकोन उमटतो. जाणकार त्याला ‘टोफू’ म्हणतात. देशांचे झेंडे विंडोजच्या फाँटमध्ये नाहीतच. तिथे १५ ऑगस्टचा तिरंगा आय आणि एन या दोन रोमन अक्षरांवर भागतो.

काही इमोजी जोडाक्षरांसारखे असतात. शेतकरी स्त्री म्हणजे स्त्री, एक अदृश्य जोडचिन्ह आणि भाताची लोंबी. जोड न समजणाऱ्या फोनवर बाई एकीकडे, लोंबी दुसरीकडे. हे जोडचिन्ह मराठीला परके नाही. ‘दर्‍या’मधला आडवा अर्धा र उमटवण्याच्या एका पद्धतीत हेच चिन्ह लागते, ते वाटेत गळले, की डोंगरातल्या दर्‍यांचा दर्या होतो.