न्यू जर्सीच्या नर्सिंग होममध्ये माणसं अपुरी पडत असतील तर: तक्रार कशी आणि कोणत्या कागदांनिशी करावी

एडिसन, पिस्कॅटवे भागात राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांतले आईवडील आता नर्सिंग होममध्ये आहेत. घंटा दाबून अर्धा अर्धा तास कुणी येत नाही, शनिवार-रविवारी मजल्यावर माणूस दिसत नाही, म्हणून मुलं राज्याच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करतात. काही दिवसांनी ‘आरोप सिद्ध झाला नाही’ असं उत्तर येतं. यातल्या बहुतेक तक्रारी खऱ्या असतात, फक्त तपासता येतील अशा लिहिलेल्या नसतात.

आधी एक खात्री करून घ्या: आईवडील राहतात ते नर्सिंग होमच आहे ना? असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे रोजच्या कामांत थोडी मदत मिळणारं निवासस्थान, ही वेगळी परवानगी असलेली जागा आहे. तिथलीही तक्रार आरोग्य विभागाकडेच जाते, पण खाली दिलेली स्टाफची प्रमाणं तिथे लागू होत नाहीत. प्रवेशाच्या करारावर परवान्याचा प्रकार लिहिला आहे का ते बघा. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या ‘केअर कम्पेअर’ या संकेतस्थळावर संस्थेचं नाव नर्सिंग होमांच्या यादीत असेल, तर शंका उरत नाही.

फेब्रुवारी २०२१पासून न्यू जर्सीत नियम असा आहे: दिवसा दर ८ रहिवाशांमागे एक सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे रहिवाशांची रोजची सेवा करणारी प्रमाणित मदतनीस). संध्याकाळी दर १० जणांमागे प्रत्यक्ष सेवा करणारी एक व्यक्ती, आणि अशांपैकी निम्म्या तरी सीएनए हव्यात. रात्री दर १४ जणांमागे प्रत्यक्ष सेवा करणारी एक. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. हे प्रमाण पूर्ण संस्थेचं मोजतात, बाबांच्या कॉरिडॉरचं नाही. समजा संस्थेत ९६ रहिवासी आहेत, तर दिवसाच्या शिफ्टला १२ सीएनए हवेत. बाबांच्या बाजूला १४ जणांमागे एकच होती, पण एकूण १२ भरल्या, तर प्रमाणाचा भंग निघत नाही. म्हणून नुसतं ‘स्टाफ कमी आहे’ यावर तक्रार उभी करू नका.

तक्रारीला दुसरा आधार द्या. रहिवाशांच्या गरजेला पुरेल इतका स्टाफ ठेवणं अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, प्रमाण भरलेलं असो वा नसो. रोज सलग किमान ८ तास रजिस्टर्ड नर्स आणि चोवीस तास परवानाधारक नर्स हवीच. त्यामुळे माणूस नसल्याने काय झालं, ते लिहा: कोणत्या तारखेला, कोणत्या शिफ्टला, किती वाजता घंटा दाबली, किती वाजता कुणी आलं, तोवर आई ओल्या डायपरमध्ये राहिली का, पडली का, गोळी चुकली का. ‘नेहमीच असं होतं’ हे वाक्य तपासनीसाच्या काही कामाचं नाही. तीन नेमक्या तारखा दिल्यात तर त्या दिवसांच्या हजेऱ्या त्याला मागवता येतात.

केंद्राचा ‘३.४८ तासांचा’ नियम तक्रारीत घालू नका. दर रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तास सेवेचा तो नियम मे २०२४मध्ये आला, पण एप्रिल २०२५मध्ये टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला आणि जुलैतल्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४पर्यंत रोखली. त्याच्या आधारावर लिहिलेला मुद्दा वाया जातो.

आता कागद. जवळपास कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे रोजचा स्टाफिंग तक्ता. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला रहिवाशांची संख्या आणि नर्स, सीएनए यांची संख्या व तास दर्शनी जागी लावणं संस्थेला बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी तो रिसेप्शनजवळ असतो आणि आपण रोज त्याच्यासमोरून जातो. भेटीला गेलात की त्याचा तारखेसह फोटो काढा. रविवारी शुक्रवारचाच तक्ता लटकत असेल तर तोही फोटो ठेवा, कारण तक्ता न बदलणं हाही नियमभंगच आहे. हे तक्ते संस्थेला किमान १८ महिने जपावे लागतात आणि मागेल त्याला द्यावे लागतात. ‘ही गोपनीय माहिती आहे’ असं काउंटरवर सांगितलं तर ऐकू नका. स्टाफच्या संख्येत कुणाची वैद्यकीय माहिती नसते. मागणी लेखी करा आणि प्रत ठेवा.

आईची वैद्यकीय फाइल ही वेगळी गोष्ट आहे. ती मागायला तिची संमती किंवा तिने तुम्हाला अधिकृत प्रतिनिधी नेमल्याचा कागद लागतो. तिची स्मरणशक्ती शाबूत आहे तोवर हे काम उरकून ठेवा. मागणीनंतर कामाच्या दोन दिवसांत प्रती मिळायला हव्यात.

तक्रार करायला पात्रता अशी काही लागत नाही. नातेवाईक, शेजारी, तिथली कर्मचारी, कुणीही करू शकतं, ऑनलाइन किंवा फोनवर. निनावी तक्रार चालते, पण मग तपासनीस तुम्हाला परत फोन करून काही विचारू शकत नाही. नाव द्या आणि ते गोपनीय ठेवायला सांगा, हे बरं. शिवाय ज्यांच्या आईवडिलांना फक्त मराठी येतं, त्यांनी तक्रारीतच ठळक लिहावं: मुलाखतीसाठी मराठी दुभाषी हवा. तपासणी न कळवता होते, तुम्ही तिथे नसता, आणि इंग्रजी प्रश्नाला मान हलवणाऱ्या आजींचं उत्तर ‘तक्रार नाही’ असं नोंदलं जाऊ शकतं.

लॉंग टर्म केअर ओम्बड्समनकडेही जाता येतं. रहिवाशाची बाजू घेऊन बोलणं हे त्यांचं काम, दंड लावणं आरोग्य विभागाचं. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार केली तरी अडचण नाही. जिवाला धोका असेल तर मात्र आधी ९११ला फोन.

‘तक्रार केली तर आईला बाहेर काढतील’ या भीतीने कितीतरी घरं गप्प बसतात. तक्रार हे बाहेर काढायचं कारण होऊच शकत नाही. काढायचंच असेल तर कायद्यात दिलेल्या मोजक्या कारणांपैकी एक लेखी द्यावं लागतं, साधारणपणे ३० दिवस आधी, तिला समजेल अशा भाषेत, आणि अपील कुठे करायचं तेही त्यात लिहावं लागतं. अशी नोटीस आली तर फोनवर वाद घालत बसू नका, लगेच लेखी अपील टाका. अपील चालू असेपर्यंत, तिथे राहण्याने तिच्या किंवा इतरांच्या आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका असल्याचं संस्थेने दाखवलं नाही तर, आईला हलवता येत नाही.